शून्य खर्चाचं घर

तुमच्या इमारतीत असं एक तरी दार असेलच. कुलूप भारीतलं, पाटीवरचं नाव ठळक, पण दारापुढे पायपुसणं नाही आणि आतून कधी भांड्याचा आवाज नाही. मालक कुठे असतात म्हणून विचारलं की वॉचमन बोट आकाशाकडे करतो. त्यावरून मालक परदेशी गेले की देवाघरी गेले, हे नव्या माणसाला चटकन कळत नाही.

अशा दारांबद्दल आपण फारसं बोलत नाही. ज्याचं घर त्याचं कुलूप, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून लिफ्टचं बटण दाबतो. मीही दाबतो. पण पाचव्या मजल्यावरच्या अशाच एका दाराची हकीकत माझ्या कानावर आली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्या घराचा मालक परदेशात राहायचा. त्याला सगळे दादा म्हणत. त्याची बहीण इथेच, त्याच शहरात राहायची. ती पंचेचाळिशी ओलांडून गेली होती, केसांना कलप लावत होती, पण घरात तिचं नाव अजूनही छोटीच होतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. सोमवार ते शनिवार मेण, साचे आणि लोकांचे दात. रविवार सुट्टीचा, आणि रविवारी दादाचं घर.

घर घेतलं तेव्हा दादा एवढंच म्हणाला होता, "अधूनमधून चक्कर टाकत जा गं." बाकीचं सगळं छोटीला अनुभवाने शिकावं लागलं. दोन बस बदलून ती तिथे जायची. आधी खिडक्या उघडायची. मग स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, गॅलरीतला असे सगळे नळ सोडायची, कारण मोरीत पाणी गेलं नाही तर जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास घरात शिरतो, त्याच्या मागोमाग झुरळं. पंखे थोडा वेळ फिरवायचे, नाहीतर जाम होतात. फ्रिजच्या दारात फडकं अडकवलेलं असायचं ते बदलायचं, नाहीतर आत बुरशी धरते. गॅलरीत कबुतरांनी आठवडाभरात जो काही संसार मांडलेला असेल तो खरवडून काढायचा. शेवटी गादीवरचं प्लास्टिक पुसायचं. गादी अजून प्लास्टिकातच होती, कारण दादाचं म्हणणं होतं की घर कोरं राहू दे. सगळं झालं की छोटी त्या प्लास्टिकवरच पाच मिनिटं टेकायची आणि कुलूप लावून परत निघायची.

तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. स्वभावाने थट्टेखोर. ती पिशवीत फडकी भरायला लागली की तो विचारायचा, "निघालीस? दादाच्या घराचं माहेरपण करायला?"

"दोन तासांचं तर काम आहे," ती म्हणायची.

"आणि चार तासांचा प्रवास."

"माझ्या भावाचं घर आहे. तुमचं काय जातंय?"

त्याचं काही जात नव्हतं, म्हणून तो वर्तमानपत्रात डोकं घालायचा.

आता छोटी स्वतः कुठे राहत होती, तर भाड्याने. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिच्या सासूबाई पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, बोलण्यात भीडभाड नाही. पण घरातच पडून खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर हातात वॉकर आला. डॉक्टरांनी रोज बाहेर मोकळ्या हवेत चाला म्हणून सांगितलं. तीन मजले उतरणार कशा? तेव्हापासून त्यांनी रस्ता पाहिला तो खिडकीतूनच. त्या दाराबाहेरच्या जिन्याच्या चौकापर्यंत चालायच्या आणि परत यायच्या.

अशात घरमालकाने घर विकायला काढलं. माणूस वाईट नव्हता. दोन महिन्यांची मुदत दिली आणि वर म्हणाला, "मलाही वाईट वाटतंय हो." मग छोटी आणि तिचा नवरा घर शोधायला लागले. अट एकच होती, लिफ्ट हवी नाहीतर तळमजला. डेपोच्या आसपास मिळालं तर फारच बरं.

घरं होती. त्यांना झेपेल अशा भाड्याचीही होती. एजंट फोन लावून द्यायचा, मालक विचारायचे, माणसं किती? तीन. नोकरी? दोघांना आहे. तिसरं कोण? सासूबाई, जरा वॉकरवर चालतात. इथपर्यंत आलं की पलीकडचा आवाज बदलायचा. कोणी म्हणायचं कळवतो. कोणी म्हणायचं आमच्या मेव्हण्यालाच हवंय. एक बाई मात्र सरळ बोलल्या. घरात माणूस गेलं तर पुढचा भाडेकरू मिळत नाही हो, म्हणाल्या. सासूबाई तेव्हा शेजारच्या खोलीत चहा पीत होत्या आणि मरण्याचा त्यांचा काही विचार नव्हता. एका नकारानंतर तर नवरा दोन दिवस थट्टा करायचं विसरला. तो नकार कोणाचा, ते पुढे येईलच.

तुम्ही म्हणाल, भावाचं घर रिकामं पडलंय, मग तोंड उघडून मागायचं की. पण तोंड उघडणं इतकं सोपं असतं का? दादाने घर घेतलं त्याच वर्षी छोटीने त्याला विचारलं होतं, "भाड्याने का देत नाहीस?" दादा हसून म्हणाला होता, "छोटे, भाडेकरू म्हणजे डोक्याला ताप. वापरलेल्या घराची किंमत पडते. वेळेवर सोडतीलच याचाही नेम नाही." बोलण्याच्या ओघात बोलून गेला. त्याची बहीण लग्न झाल्यापासून भाड्यानेच राहत होती, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. तिच्या आलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

तर दादा आणि वहिनी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आले आणि त्याच घरात उतरले. शुक्रवारी आले. रविवारी सकाळी छोटी सवयीप्रमाणे पिशवी घेऊन हजर. वहिनीने दात घासता घासता दार उघडलं. छोटीने चपला काढल्या, "कशा आहात वहिनी?" विचारलं आणि सरळ आत जाऊन खिडक्या उघडल्या. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

वहिनी ब्रश हातात घेऊन मागे आली. "छोटी, अगं आम्ही राहतोय ना इथे. नळ आम्हीच सोडतोय की."

छोटी ओशाळली. नळ बंद केला आणि हसत सुटली. "हात आपोआप गेला बघा."

वहिनी हसली नाही. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "पुढे काय काय करतेस? दाखव मला."

छोटीने दाखवलं. पंखे, फ्रिज, कबुतरं, आणि दादाने झोपतानाही काढू न दिलेलं गादीवरचं प्लास्टिक. वहिनी पाहत राहिली. इथे वहिनीबद्दल सांगायला हवं. ती तिकडे नगरपालिकेत होती आणि घरांची करआकारणी हे तिचं रोजचं काम. कुठलं घर किती किमतीचं, कोणावर किती कर बसवायचा, कुठल्या घरात कोणी राहत नाही, हे बघण्यात तिची वीस वर्षं गेली होती. एरवी ती कमी बोलायची. दादा दोघांच्या वाटचं बोलायचा.

आठवड्यात एकदा वहिनी छोटीच्या सासूबाईंना भेटायला गेली. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली. छोटी आणि तिचा नवरा कामावर होते. सासूबाईंनी दार उघडून बसायला सांगितलं आणि वेळ न घालवता सगळं सांगून टाकलं. घर विकायला निघालंय, मुदत संपत आलीय, लोक म्हातारं माणूस नको म्हणतात.

"सून माझी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "मुलगा थट्टेवारी नेईल. या घरात सरळ बोलणारी मी एकटीच. मला त्यांच्या पायातली बेडी व्हायचं नाही हो. वृद्धाश्रमाचा पत्ता मी मागवून ठेवलाय. त्यांना अजून सांगितलेलं नाही."

वहिनी बराच वेळ बसली. निघताना तिने त्यांना एवढंच सांगितलं की पुढच्या रविवारपर्यंत कुठे काही कळवू नका.

त्या रविवारी दादाने बहिणीला आणि जावयाला जेवायला बोलावलं. सासूबाई अर्थातच येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी डबा भरून ठेवला होता. दादा खुशीत होता. जेवता जेवता तो त्याच्या आवडत्या विषयावर आला. तिकडे कसं असतं आणि इकडे कसं असतं.

"तिकडे घर घेणं सोपं आहे, जावईबापू," तो म्हणाला. "कर्ज स्वस्त, नोंदणीचा खर्च किरकोळ, एजंटचे पैसे विकणाऱ्याच्या खिशातून. पण घर सांभाळणं? बाप रे. दर वर्षी घरपट्टी, तीही घराच्या किमतीवर. विमा. थंडीत आत कोणी असो नसो, घर गरम ठेवायचं, नाहीतर नळ फुटतात. दारापुढचा बर्फ काढला नाही तर दंड. आणि घर रिकामं ठेवलंत तर वर जादा कर. घर आपलं म्हणायचं फक्त, आपण नगरपालिकेचे भाडेकरूच."

"म्हणजे वहिनींचे," जावई म्हणाला.

"बघा ना. घरातही, बाहेरही." दादा मनापासून हसला. "इकडे सगळं उलटं. घेतानाच एकदा काय ते चामडं सोलून घेतात. स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी, वकील, याचा चहा, त्याचं पाणी. पण एकदा घेतलं की निवांत. इथली वर्षाची घरपट्टी म्हणजे तिकडे माझे दोनदा केस कापून होतात. इमारतीचा देखभाल खर्च तेवढा द्यायचा. बाकी सांभाळायला खर्च शून्य." त्याने वाटी पुढे केली. "म्हणून मी ठरवलंय. शेजारचं घरही घेऊन टाकतो. त्याचा मालकही बाहेरच असतो, विकायला तयार आहे. छोटे, तुला काय, भिंतीला भिंत लागून. एका फेरीत दोन्ही होतील."

छोटी वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने भावाच्या वाटीत भाजी वाढली.

"शून्य कुठून आलं?" वहिनीने विचारलं.

"काय?"

"सांभाळायला खर्च शून्य म्हणालात. कसा काढलात?"

"कसा म्हणजे? कर सांगितला, देखभाल सांगितली. अजून काय आहे?"

वहिनीने हातातला घास खाली ठेवला. "तिकडच्या रिकाम्या घरांचं काम माझ्याकडे असतं. तिकडे बंद घराचा विमा कंपनी सहजासहजी उतरवत नाही. दर आठवड्याला कोणीतरी आत जाऊन बघायला हवं, अशी अट घालते. नळ, हीटर, खिडक्या, गळती. त्यासाठी माणूस नेमावा लागतो आणि तो फुकट येत नाही. तिकडचा खर्च मोजताना तुम्ही तो धरता. मागच्या वर्षी आपल्या तिकडच्या शेजाऱ्याला तुम्हीच तो धरायला लावलात. मग इकडच्या घराला तो का नाही?"

"कारण इकडे छोटी आहे."

"मी तेच म्हणतेय."

दादाच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे बहिणीने भावासाठी काही केलं तर तिचा पगार काढायचा? तिकडे राहून राहून तूही तशीच झालीस. नात्यात कोणी मोजमाप करतं का?"

"पगार काढू नका. पण शून्यही म्हणू नका. तुम्ही तिचे सगळे रविवार घेतलेत आणि वर सांगता की खर्च काही नाही. जीव लावून केलेलं काम असेल तर त्याची किंमत जास्त धरायला हवी. तुम्ही ते हिशेबातच घेतलं नाहीत."

"छोटे," दादा बहिणीकडे वळला, "तूच सांग. तुला कधी ओझं वाटलं का?"

तिघंही तिच्याकडे बघत होती. छोटीने भाजीचं भांडं टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसली. ती खोटं बोलणार होती, असं तिने नंतर स्वतःच सांगितलं. नाही रे दादा, ओझं कसलं, हे शब्द ओठांवर आले होते. पण ते बाहेर पडले असते तर शेजारच्या घराची किल्लीही हातात आली असती.

"ओझं नाही वाटलं," ती म्हणाली. "पण शेजारचं घर मला जमणार नाही दादा. आणि आता हेही नाही जमणार. आम्हाला रविवारी घर शोधायला जावं लागतं."

"घर? कशाला?"

"आमच्या मालकाने विकायला काढलंय. मुदत संपत आलीय."

"अगं, मग मला सांगायचं नाही का? पैसे पाठवले असते मी."

"पैसे आहेत. घर मिळत नाही."

"मिळत नाही म्हणजे? जिकडे बघावं तिकडे इमारती उभ्या राहतायत."

इतका वेळ जावई ताटात बघत होता. तो आता हळूच बोलला आणि त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "दादा, तुम्हीच नाही म्हणालात."

"मी?"

"गेल्या महिन्यात एका एजंटचा तुम्हाला फोन आला होता. या इमारतीतल्या सगळ्या बंद घरांच्या मालकांना तो फोन करत होता. तीन माणसांचं कुटुंब आहे, भाडं वेळेवर देतील, एक वयस्कर बाई वॉकरवर आहेत, असं म्हणाला. आठवतं? तुम्ही म्हणालात, आजारी म्हातारं माणूस नको, उद्या घरात काही झालं तर किंमत पडेल. त्याने आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. कितवा मजला, कुठलं दार, तेही सांगितलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत."

"अहो, नको ना," छोटी म्हणाली.

दादाला आठवलं होतं. गाडी चालवता चालवता त्याने तो फोन घेतला होता, मिनिटभराचं बोलणं. त्याने चमचा खाली ठेवला.

"छोटे, मला काय माहीत ते तुम्हीच आहात. तू एक फोन करायचास. एका शब्दाने काम झालं असतं."

"तू एकदा नाही म्हणाला होतास. परत विचारून तुला कशाला ओशाळं करायचं?"

"आणि त्यानंतरही तू रविवारी इथे येत होतीस?"

"आले ना. नळ कोण सोडणार होतं?"

 बहिणीच्या बोलण्यात टोमणा असता तर दादाला बरं वाटलं असतं. पण टोमणा नव्हता.

"मला माहीत असतं तर मी नाही म्हणालोच नसतो," तो शेवटी म्हणाला. "आपली माणसं आहात तुम्ही."

"आणि आपली नसती तर?" वहिनीने विचारलं. "वॉकरवरची बाई दुसऱ्या कोणाची सासू असती, तर तुमचं उत्तर बरोबर ठरलं असतं का? ती नात्यातली निघाली म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. नसती निघाली तर आज तुम्ही शेजारचं घर घेतलं असतं आणि त्यालाही कुलूप लावलं असतं. या मजल्यावर चार दारं आहेत. तीन बंद. खाली रस्त्यावर घर शोधणारे लोक फिरतायत. हा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा? तिकडे निदान आम्ही जादा कर लावून मालकाला त्याची आठवण करून देतो. इकडे आठवण करून देणारं कोणी नाही, म्हणून तुम्ही त्याला शून्य म्हणता."

दादा उठला, हात धुऊन आला आणि उभ्यानेच म्हणाला, "ठीक आहे. उद्याच सामान हलवा. या इथे राहायला."

"नाही दादा," छोटी म्हणाली.

"आता काय नाही?"

"आज तू लाजेपोटी देतोयस. तिकडे परत गेलास की मनाला टोचेल. मग मला इथे खिळा ठोकायलाही भीती वाटेल. पुढच्या रविवारी आम्ही एक तळमजल्याचं घर बघायला जाणार आहोत. तुला वेळ असेल तर चल."

जावयाला ऐनवेळी डेपोत जावं लागलं, म्हणून दादा आणि छोटी दोघंच गेली. ते घर खरंच चांगलं होतं. दोन खोल्या, पुढे फरसबंदी, दारात पायरी एकच. मालक साठीचे, बोलायला गोड. त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला, कुठे काम करता विचारलं. दादाच्या परदेशातल्या नोकरीचं त्यांना कौतुक वाटलं. सगळं जुळत आलं होतं. मग छोटीने सासूबाईंबद्दल सांगितलं.

"अरेरे," मालक म्हणाले. "मग राहू द्या. गैरसमज करून घेऊ नका, पण रंग आत्ताच दिलाय. म्हातारं माणूस म्हणजे औषधांचा वास, रात्रीअपरात्री धावपळ, आणि उद्या काही झालं तर..."

"तुमच्या आई कुठे असतात?" दादाने मध्येच विचारलं.

"आमच्याकडेच. वरच्या मजल्यावर. नव्वदीच्या आहेत."

"मग?"

"मग काय? ते आमचं घर आहे."

दादा उठून उभा राहिला. हेच वाक्य तोही बोलला असता, याच सुरात, इतक्याच सभ्यपणे. हे मालक घर दाखवून, पाणी देऊन, हात जोडून नाही म्हणत होते. त्यात कोणी दुष्ट नव्हतं.

दोघं बाहेर आली. फुटपाथवर थोडं चालल्यावर दादा म्हणाला, "फोनवर मीही असाच बोललो असेन का गं?"

"मी कुठे होते फोनवर?"

"पण असाच बोललो असेन."

छोटीने मान हलवली. तिला भावाची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही तिने लपवलं नाही. "सगळे असेच बोलतात दादा. तुझं कळलं तेव्हा मात्र रडले मी. लॅबमध्ये, सगळ्यांच्या समोर."

दादा थांबला.  "आता भाडं किती भरता?" त्याने विचारलं.

"का?"

"तेवढंच मला द्या. करार करू, रीतसर, पाच वर्षांचा. मला घर विकायचं झालं तर सहा महिने आधी सांगेन, तेही त्यात लिहू. आता हे लाजेपोटी नाही. माझं गणित चुकलं होतं, ते मी नीट करतोय."

"न्हाणीघरात सासूबाईंना धरायला दांडे बसवावे लागतील. टाइल्स फोडून."

दादाचा चेहरा जरा ओढला गेला. त्या टाइल्स त्याने स्वतः निवडल्या होत्या. "बसव," तो म्हणाला.

"आणि गादीवरचं प्लास्टिक काढणार मी."

"आजच काढ."

सुट्टी संपायच्या आधी सामान हललं. तिसऱ्या मजल्यावरून सासूबाईंना खुर्चीत बसवून डेपोतल्या चार जणांनी खाली आणलं आणि त्या संबंध जिनाभर त्यांना सूचना देत होत्या. वृद्धाश्रमाचा पत्ता त्यांनी तोपर्यंत सुनेला सांगून टाकला होता. छोटी त्यावर त्यांच्याशी दिवसभर बोलली नाही. नव्या घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई लिफ्टने खाली उतरल्या. वॉकर घेऊन इमारतीला एक फेरी मारली, मग फाटकापाशी थांबून जाणारी-येणारी माणसं बघत उभ्या राहिल्या. किती दिवसांनी त्यांचे पाय जमिनीला लागले होते. वर चला म्हणून छोटी दोनदा बोलवायला आली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

शेजारचं घर दादाने घेतलं नाही. उलट त्याने त्या मालकाला फोन लावला आणि घर विकेपर्यंत निदान भाड्याने द्या म्हणून मागे लागला. पलीकडून उत्तर आलं की देतो एक वेळ, पण वयस्कर माणसं नकोत. मग दादा पाऊण तास भांडत बसला. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. वहिनीने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. शेजारचं दार अजून बंदच आहे. तीन बंद दारांतलं एक उघडलं, एवढाच आजचा हिशेब.

मित्रहो, घर घेताना आपण सगळे गणित मांडतो. इथे कर किती, तिथे कर किती, नोंदणीला काय पडतं, सांभाळायला काय पडतं. जरूर मांडावं. घामाचा पैसा असतो, तो जपून लावायला हवा, आणि घर असणं हा काही गुन्हा नाही. पण कुठल्याही देशात, कुठल्याही कायद्याखाली, शून्य खर्चाचं घर अस्तित्वात नसतं. मालकाने भरला नाही तो खर्च कोणीतरी भरत असतं. कधी त्याची बहीण भरते. कधी ज्यांचं नाव-गाव मालकाला ठाऊकही नाही असं एखादं कुटुंब भरतं, ज्याला फोनवर मिनिटभरात नाही म्हटलेलं असतं. उद्या तुम्हाला असा फोन आला आणि पलीकडचा माणूस म्हणाला की घरात एक म्हातारं माणूस आहे, तर लगेच नाही म्हणू नका. ते माणूस कोणाचं, हेही विचारू नका. कधीपासून राहायला येताय, एवढं विचारा.